पोटात गेलेला रंग

मी मूळची मिरजेची. आमच्याकडेही रंग रंगपंचमीलाच खेळतात, पण तो खेळ बादली-पिचकारीचा. दुपारी आई हाक मारायची की आंघोळ करायची आणि मुकाट्याने जेवायला बसायचं. लग्न होऊन इंदूरला आले आणि पहिल्याच वर्षी गेर पाहिली. गेर म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, पण मिरवणूक म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येतं ते विसरा. रंगीत पाण्याचे टँकर, त्यावर पंप लावून वरच्या मजल्यांपर्यंत उडवलेल्या धारा, यंत्रातून सुटणारा गुलाल, आणि खाली राजवाड्यापर्यंत माणसांचा नुसता चिखल. मल्हारगंजात मोठ्या दिरांचं घर आहे, त्यांच्या गॅलरीत उभी राहून मी म्हटलं, ‘या गावाचं डोकं फिरलंय.’ जाऊबाई म्हणाल्या, ‘आता तूपण याच गावची.’

माझा नवरा त्या चिखलात आनंदाने लोळणारा. जन्म इंदूरचा, शिक्षण इंदूरचं, नोकरी पीथमपूरच्या कारखान्यात. मराठी बोलायचे, पण त्यात हिंदी इतकं कालवलेलं की माझ्या आईला निम्मं कळायचं नाही. मी त्यांना अहो म्हणायची, ते मला यार म्हणायचे. माझ्या भावाने एकदा हे ऐकलं आणि पार मिरजेला पोचेपर्यंत हसत होता.

त्यांचा एक पांढरा कुर्ता होता. पांढरा म्हणजे कधीकाळी पांढरा. तो फक्त गेरसाठी. दरवर्षी धुऊन, घडी करून कपाटाच्या तळाशी जायचा आणि पुढच्या वर्षी निघायचा. कॉलरवर हिरवा, पाठीवर जांभळा, खिशावर न जाणारा गुलाबी. मी बाईला फरशी पुसायला द्यायला निघाले की ते तो माझ्या हातातून काढून घ्यायचे.

आणखी एक सांगायला हवं. माझ्या पायाला भिंगरी आहे. मला बसवत नाही. शाळेत भूगोल शिकवताना मी वर्गभर फिरते, फोनवर बोलताना घरभर फिरते, पाहुणे आले तर त्यांच्याशी दारातून बोलते आणि मधेच गॅस बंद करून येते. नवरा याच्या बरोब्बर उलट. बसला की बसला. ‘बस ना यार जरा,’ हे वाक्य मी संसारात जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा स्वतःचं नावही ऐकलं नसेल. बसायची मात्र नाही. कुकर, कपडे, वह्या, काहीतरी असायचंच, आणि नसलं तर मी शोधून काढायची.

त्या वर्षी ते गेरमधून आले ते नेहमीसारखेच, कान-नाक-डोळे रंगाने भरलेले. दिरांच्या मोरीत बेसन आणि तेल लावून तासभर घासलं तरी नखं लालच. जेवताना सांगत होते की कुणीतरी हातात थंडाईचा ग्लास दिला, तेवढ्यात वरून धार आली आणि थंडाई गुलाबी झाली. ‘मग?’ मी विचारलं. ‘मग काय, पिऊन टाकली. फेकणार होतो की काय?’

चार-पाच दिवसांनी सकाळी त्यांनी बाथरूममधून हाक मारली. ‘अगं इकडे ये, बघ! रंग निघून राहिला!’

मी गेले. कमोडमधलं पाणी गुलाबी लाल होतं. दुखतंय का, जळजळतंय का, विचारलं. काही नाही म्हणाले. दोघंही क्षणभर त्या रंगाकडे पाहत राहिलो आणि मग मला हसू फुटलं. त्यांनी तिथूनच दिरांना फोन लावला. इंदुरात भावाला भिया म्हणतात. दीर म्हणाले, ‘पोटात गेला भिया! मलापण एकदा झालं होतं, निघून जाईल आपोआप.’ आणि दुसऱ्या दिवशी गेलाच. पाणी स्वच्छ. त्या वर्षीची रंगपंचमीची गोष्ट म्हणून आम्ही ती सगळीकडे सांगितली. कारखान्याच्या बसमध्ये त्यांनी सांगितली, स्टाफरूममध्ये मी सांगितली, पुण्याला नोकरीत असलेल्या लेकीला व्हिडिओ कॉलवर दोघांनी मिळून सांगितली. ती म्हणाली, ‘शी, आई!’

वैशाखात थंडी वाजून ताप आला. लघवीला जळजळ. जाऊबाई म्हणाल्या, उन्हाळी लागली. इंदूरचा उन्हाळा, पीथमपूरची बस, दिवसभर कारखान्यातली धग, उन्हाळी लागणार नाही तर काय होणार. धने-जिऱ्याचं पाणी सुरू झालं, सब्जा भिजला, दिरांनी जवाचं पाणी पाठवलं. मी चिडून सांगितलं, ‘बसमधे दाबून ठेवता तुम्ही, त्याने होतं हे.’ कॉलनीतल्या डॉक्टरांनी इन्फेक्शन सांगितलं, गोळ्या दिल्या. ताप उतरला. गोळ्या संपल्या, आणि थोड्या दिवसांनी ताप परत हजर. पुन्हा गोळ्या, या वेळी जास्त भारी. पुन्हा उतरला.

लघवी तपासायला दिली तर त्यात जंतू सापडला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. जंतू म्हणजे शत्रू दिसला, आता त्याला मारायचं औषधही रिपोर्टात खालीच लिहिलेलं होतं. मी पाण्याचा फिल्टर बदलला. पाणी उकळायला लागले. बाहेरचं खाणं बंद केलं, म्हणजे इंदूरच्या माणसाला जवळजवळ श्वास घेणंच बंद केलं. ते कुरकुरले, ‘पोह्यांनी किडनीला काय होतं यार?’ मी म्हटलं, ‘गप्प बसा.’ सगळं घर मी घासून काढलं. इन्फेक्शन या शब्दात मला एक सोय सापडली होती: घासलं की जातं.

पण ते गेलं नाही. तिसऱ्यांदा ताप आला तो उतरेचना. डाव्या कुशीत दुखायला लागलं, पँट कमरेवर राहीना. पट्ट्याला नवीन भोक पाडताना ते म्हणाले, ‘डाएटिंग फुकटात होऊन राहिलं.’ मला त्या भोकाकडे बघवेना. मी उठून भांडी लावत बसले, म्हणजे उभीच राहिले.

सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडात पू दिसला. विजय नगरकडच्या एका हॉस्पिटलात भरती केलं. पाठीतून नळी घालून पू काढला. नळीच्या टोकाला पिशवी, त्यात तो घाणेरडा पिवळा द्रव. मला वाटलं, चला, घाण निघाली, आता सुटलो. नवरा पिशवीकडे बघून म्हणाला, ‘देशात सगळ्यात साफ शहर आपलं, आणि माझीच नाली तुंबली बघ.’ शेजारच्या खाटेवरचे काकासुद्धा हसले.

पू निघाला तरी ताप राहिला. मी त्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये इतकी फिरले की नर्स म्हणाली, ‘आंटी, आप बैठ जाइए, हमको चक्कर आ रहा है।’ बसले असते तर विचार आले असते. फिरताना निदान ते मागे पडल्यासारखे वाटायचे. मी जिन्याने खाली जायची, चहा न पिताच वर यायची.

युरॉलॉजिस्ट तरुण होता, माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्यासारखा. सीटी स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ बघत राहिला. मग खुर्ची ओढून खाटेजवळ बसला. डॉक्टर बसले की मला भीती वाटते. घाईतला डॉक्टर बरा.

त्याने सगळं पहिल्यापासून विचारायला घेतलं. ताप कधी आला, किती वेळा, वजन किती उतरलं. मग म्हणाला, ‘पेशाब में कभी खून आया था?’

‘नहीं,’ आम्ही दोघं एकदमच बोललो.

‘बुखार से पहले? कभी लाल-वाल?’

माझा नवरा हसला. ‘अरे डॉक्टर साब, वो तो गेर का रंग था।’ आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली. थंडाई, वरून आलेली धार, दिरांचा फोन, लेकीचं ‘शी, आई’. छान रंगवून सांगितली, नेहमीसारखी. पण मी त्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो हसला नाही.

‘गेर के कितने दिन बाद?’

चार-पाच, मी म्हटलं. आणि म्हणता म्हणताच मला कळलं. भूगोलाच्या बाईला तेवढं कळायला हरकत नव्हती. प्यायलेला रंग पोटात चार दिवस मुक्काम करून, एका सकाळी खाली उतरून, दुसऱ्या दिवशी निघून जात नाही. आम्ही रक्त पाहिलं होतं. दोघांनी वाकून, नीट, हसत पाहिलं होतं.

मग डॉक्टरच म्हणाला, ‘मैं भी जाता हूँ गेर में, मैडम। मेरी मम्मी भी यही बोलतीं।’ त्या एका वाक्यासाठी मी त्या मुलाला जन्मभर आशीर्वाद देईन.

मूत्रपिंड काढलं. त्याचा तुकडा तपासणीला गेला आणि अहवाल यायला वेळ लागला. तोवर दीर रोज डबा घेऊन यायचे आणि रोज म्हणायचे, ‘इन्फेक्शनच निघेल, बघून घे.’ निघाला कर्करोग. तोही साधा नाही. डॉक्टरने कागदावर मूत्रपिंड काढून दाखवलं, त्यातल्या बारीक नळ्या काढल्या. जिथे लघवी गोळा होते त्या नळ्यांपासूनच हा सुरू होतो, म्हणाला. नळ्या अडल्या, लघवी साचली, साचलेल्यात जंतू वाढले, पू झाला. म्हणजे इन्फेक्शन खरंच होतं. सगळ्या गोळ्या त्या जंतूंनाच लागत होत्या, म्हणून ताप उतरत होता. त्यांच्यामागे लपलेला हा मात्र निवांत वाढत होता. फार कमी लोकांना होतो हा, आणि झाला की फार घाईत असतो, असं तो म्हणाला. त्याने स्वतः तो आजवर पुस्तकातच वाचला होता.

मी त्याला पॅसेजमध्ये गाठलं. ‘उसी दिन आते तो?’

तो थांबला. ‘पता नहीं, मैडम। शायद थोड़ा फर्क पड़ता, शायद नहीं। ये बीमारी ही ऐसी है।’ खोटं बोलून मला मोकळं करता आलं असतं त्याला. त्याने केलं नाही. मला राग आला. रागच बरा वाटत होता तेव्हा. मला दिरांचा राग आला, त्या ग्लास देणाऱ्या अनोळखी माणसाचा आला, नवऱ्याच्या हसण्याचा आला, आणि एवढ्याशा गोष्टीवर नाचणाऱ्या या अख्ख्या गावाचा आला.

घरी येऊन मी कपाट उघडलं, तळातून तो कुर्ता काढला आणि सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली तशी खाली उतरले. गाडीवाला म्हणाला, ‘आंटी, कपड़ा गीले में नहीं।’ मी त्याच्यावर ओरडले. त्याने शांतपणे कुर्ता माझ्या हातातून घेतला आणि सुक्याच्या कप्प्यात टाकला. गाडी गाणं वाजवत पुढे गेली.

किमो सुरू झाली. मुंबईलाही दाखवून आलो. तिथल्या डॉक्टरांनी कागद उलटसुलट केले आणि इंदूरला जे चाललंय तेच चालू ठेवा म्हणाले. केस गेले, जिभेची चव गेली. लेक घरून काम करायचं म्हणून लॅपटॉप घेऊन आली आणि बाबांच्या पायथ्याशी बसायला लागली. दिवाळीच्या सुमारास स्कॅन बरा आला. दिरांनी कॉलनीभर पेढे वाटले, मी नको नको म्हणत असताना. मलाही वाटलं होतं, काय सांगावं. माणूस आशेला भलताच चटावलेला असतो. संक्रांतीनंतरच्या स्कॅनमध्ये फुफ्फुसात डाग होते आणि मूत्राशयापाशीही एक. औषध बदललं. डॉक्टर म्हणाला, लघवीत रक्त दिसलं तर लगेच फोन करा. त्या वेळी तो माझ्याकडे न बघता बोलला, यात त्याचा चांगुलपणा होता.

फाल्गुन लागला. एका सकाळी ते म्हणाले, ‘माझा कुर्ता काढून ठेव ना.’

मला वाटलं, ते विसरतील. ते काय विसरणार? ‘टाकला मी,’ मी म्हटलं. ‘कचऱ्यात.’

मी पोळपाट पुसत होते, तो कोरडाच होता. मग मागून आवाज आला, ‘गीला की सूखा?’

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि मी त्यांना म्हटलं की तुम्ही फार वाईट माणूस आहात. लेक दोघांकडे वेड्यासारखी बघत राहिली.

गेरला जायचं नाही, असं मी सांगितलं. गर्दी, घाणेरडं पाणी, अंगात ताकद नाही, रक्तातल्या पेशी कमी. सगळी कारणं खरी होती. ते भांडले नाहीत. ‘गॅलरीतून बघू दे,’ एवढंच म्हणाले. ही शेवटची, असं कुणी म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती. डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, मास्क लावा, पाण्यापासून लांब ठेवा, ले जाइए।

दिरांनी गाडी आणली. मल्हारगंजात गल्लीच्या तोंडाशी उतरून दीर आणि पुतण्या त्यांना दोन्ही बाजूंनी धरून वर घेऊन आले. गॅलरीत प्लास्टिकची खुर्ची, अंगावर शाल, पांढरा सदरा नवाकोरा, गळ्याशी ढगळ होणारा. मी मागे उभी. जाऊबाईंनी समोर जुनी चादर बांधली होती धारा अडवायला. खालून गेर आली. लोकांनी वर बघून हात केले. कारखान्यातले दोघं-तिघं ओळखीचे होते, ते ‘भिया! भिया!’ ओरडत उड्या मारायला लागले. माझा नवरा दोन्ही हात वर करून बसला होता. त्या चेहऱ्याकडे बघून माझा वर्षभराचा राग कुठे गेला ते मला कळलंच नाही.

तेवढ्यात टँकरवरच्या पोराने पंप वळवला. चादरीवरून धार आली, बरीचशी भिंतीवर, थोडी आमच्यावर. मी ओरडत पुढे झाले. आणि पाहिलं तर या माणसाने मास्क हनुवटीखाली ओढला होता, डोकं मागे टाकलं होतं आणि लहान मुलासारखं तोंड उघडलं होतं. दोन-चार थेंब गेले असतील आत. गुलाबी.

‘अहो! तोंड मिटा! वेड लागलंय का?’

त्यांनी तोंड मिटलं, गिळलं, आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. मला वाटलं, वात्रटपणा. त्यांच्या मनात काय आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी रुमालाने तोंड पुसत राहिले आणि बडबडत राहिले.

तीन-चार दिवस गेले. सकाळी दूध तापत ठेवून मी वह्या तपासायला घेतल्या होत्या. बाथरूममधून हाक आली. या वेळी ओरडणं नव्हतं, आवाजही फारसा नव्हता. ‘अगं. ये जरा.’

मी गेले. ते भिंतीला धरून उभे होते. मी खाली पाहिलं. मागच्या वर्षीसारखं गुलाबी नव्हतं. गडद होतं, चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी त्यात होतं. फोन बाहेर टेबलावर होता, डॉक्टरचा नंबर वरच होता, दूध उतू जायला आलं होतं. पाय वळलेच होते.

ते माझ्याकडे बघत होते. त्यांना रंगाकडे बघायचं नव्हतं, माझ्याकडेच बघायचं होतं.

‘रंग निघून राहिला वाटतं,’ ते म्हणाले.

तेव्हा मला गॅलरीतला तो डोळा कळला.

‘तरी सांगत होते,’ मी म्हटलं, ‘तोंड मिटून बसा म्हणून. गेला ना पोटात.’

ते हसले. खूप दिवसांनी पोटातून हसले, मग दम लागला, मग थांबले. ‘निघून जाईल ना?’

‘जाईल की. मागच्या वेळी नव्हता का गेला.’

मी त्यांना स्टुलावर टेकवलं. बाहेर दूध उतू गेल्याचा वास आला. लेकीने गॅस बंद केल्याचा आवाज आला, मग ‘आई, काय झालं?’ अशी तिची हाक. मी पुन्हा दाराकडे बघितलं.

‘बस ना यार जरा,’ ते म्हणाले.

मी बादली उपडी केली आणि बसले.